चालेल

"छूट गये मास्तर आप," हुसेनमियाँ म्हणाला आणि स्टोअरच्या काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून असा हसला, की जणू बारशाचं बोलावणं घेऊन आला आहे. श्यामकांतच्या हातातल्या ग्लासातला चहा हिंदकळून बोटांवर आला. चहा पुरता निवलेला होता, भाजण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. तरी त्याने हात झटकला आणि मग तो हात कुठे ठेवावा हेच त्याला कळेना. हुसेनमियाँ मूळचा औरंगाबादचा. कंपनीची पिकअप चालवायचा आणि अरबी बोलता येत असल्यामुळे ऑफिसात दुभाष्याचंही काम करायचा. त्यामुळे कुणाच्याही आधी त्याला सगळं ठाऊक असे. "गुणाजीने लिखवा दिया," तो सांगत होता, "के स्लिंग मैंने खुद उठाई, स्टोअरवाले को पूछा नहीं. अंगूठा भी लगा दिया. उस्ताद जलाल की चौकशी का कागज परसों अल सुलै कंपनी के बडे ऑफिस को जाता. गुणाजी का खुरूज लगेंगा, घर भेज देंगे. आप का नाम बी नहीं उस में. खलास." शेवटचा शब्द त्याने तळहातावर तळहात झाडत उच्चारला, आणि दुपारच्या नमाजाची बांग झाली म्हणून तो निघून गेला.

श्यामकांतने शटर अर्ध्यावर ओढलं. बाहेर सौदीतल्या अल खफजीचा तो पांढरा उजेड होता, ज्यात समुद्र कुठे संपतो आणि आभाळ कुठे लागतं ते दिसत नाही. दूर पाण्यात तेलाच्या विहिरींचे मनोरे उभे होते. धुळीच्या दिवसांत ते पायाविना तरंगल्यासारखे दिसत. तीन वर्षं तो हे पाहत होता, आणि अजूनही कधी कधी आपण इथे आलो आहोत की हे सगळं कुठेतरी वाचतो आहोत, असा त्याला संशय येई. सांगलीच्या कॉलेजात तो प्राचीन इतिहास शिकवायचा, ग्रीस आणि रोम. सात वर्षं हंगामी, मग विद्यार्थी कमी झाले म्हणून तो विषयच बंद. त्यानंतर एका ओळखीतून हा कागद आला: स्टोअरकीपर, अल खफजी. इंग्रजी लिहिता येणं एवढीच अट होती. कॅम्पातल्या कोकणी पोरांनी त्याला पहिल्याच आठवड्यात मास्तर करून टाकलं. तो त्यांची पत्रं लिहायचा, आलेली वाचून दाखवायचा. काउंटरखालच्या खणात त्याचं एक पुस्तक असे, कव्हर गेलेलं, पहिली वीस पानं नसलेलं, ग्रीक आणि रोमन लोकांच्या धर्माचारांवरचं. ते किती खरं, किती त्या अनाम लेखकाच्या पदरचं, हे त्याला कधीच ठरवता आलं नव्हतं. पण दुसरं काही वाचायला नव्हतंच.

स्लिंग म्हणजे तारांचा पीळदार दोर. त्याने पाइप बांधून क्रेनने उचलायचे. दर तीन महिन्यांनी सगळ्या स्लिंगा तपासायच्या आणि तपासलेल्यांच्या टोकाला त्या तिमाहीच्या रंगाची पट्टी गुंडाळायची, असा नियम होता. मागचा रंग हिरवा होता. चालू रंग निळा. महिन्यापूर्वी, एका मंगळवारी सकाळी नवाच्या सुमारास, गुणाजी काउंटरशी आला. गुणाजी रिगर, म्हणजे माल बांधून क्रेनला अडकवणारा; देवगडकडचा, पस्तिशीचा, काटक, तोंडात शब्द मोजके. त्याने पुढच्या मांडणीवरची एक स्लिंग उचलून धरली आणि विचारलं, "मास्तरांनू, ही चलात काय?" श्यामकांत म्हणाला, "चालेल." पंचवीस मिनिटांनी ती स्लिंग तुटली आणि पाइपाखाली सापडून तुकाराम मेला. तुकाराम गुणाजीच्याच वाडीतला, चोवीस वर्षांचा, वेल्डिंगच्या कामावरचा. गुणाजीनेच भरतीच्या एजंटकडे त्याचं नाव दिलं होतं. तुकारामची आई ठकूबाई एसटीच्या थांब्यापर्यंत आली होती आणि तिने गुणाजीला एवढंच सांगितलं होतं, की माझा मुलगा तुझ्या पदरात.

चालेल. हा शब्द त्या दिवसापासून श्यामकांतच्या तोंडात खडीसाखरेच्या न विरघळणाऱ्या खड्यासारखा फिरत होता. विचित्र शब्द आहे हा, त्याला वाटे. होकार म्हणावा तर होकार नाही. चांगलं आहे असं तो म्हणत नाही, वाईट आहे असंही नाही. दूध जरा आंबूस लागतंय, चालेल. बाही थोडी लांब आहे, चालेल. मुलीचं स्थळ तसं साधारण आहे, पण चालेल. आपल्या सगळ्या घरांत दिवसातून शंभरदा हा शब्द उच्चारला जातो आणि त्यावर संसारच्या संसार चाललेले असतात. बोलणाऱ्याने त्यात स्वतःला कुठेच बांधून घेतलेलं नसतं. चालायचं ते वस्तूने. चालली नाही तर तो वस्तूचा दोष. त्याची आई बाजारातून आणलेल्या पिचक्या भाजीकडे बघून हे म्हणायची. अहिल्या, त्याची बायको, तो सौदीला निघाला तेव्हा बॅगेचं बिघडलेलं कुलूप दाबून पाहत हेच म्हणाली होती. कुलपाबद्दल की त्याच्या जाण्याबद्दल, हे त्याने विचारलं नाही. आणि तो स्वतः. गुणाजीने दोर वर धरला तेव्हा त्याची मान पुस्तकात होती. हे कॅम्पातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, कारण त्याची मान नेहमीच पुस्तकात असे. मान खाली, तोंडातून चालेल. न बघता म्हणाले मास्तर, त्यांना काय माहीत, असं पोरं म्हणत. महिनाभर तोही हेच म्हणत होता. न बघता. त्या वेळी आपण कुठलं पान वाचत होतो ते शोधून काढायचा त्याने प्रयत्न केला, जणू ते पान सापडलं असतं तर त्यावर आपली नजर खिळलेली सापडली असती. पान सापडलं नाही. उलट दरवेळी पुस्तक मिटताना डोळ्यांसमोर एक हिरवट ठिपका तरळून जाई.

जुन्या अथेन्समध्ये एक न्यायासन होतं, असं त्या पुस्तकात होतं, जिथे वस्तूंवर खटला चाले. दगड पडून माणूस मेला, तुळई कोसळली, आणि कुणाचा हात दिसला नाही, तर त्या दगडाला, त्या तुळईला उभं करायचं, दोषी ठरवायचं आणि देशाच्या हद्दीबाहेर नेऊन टाकायचं. सांगलीला हे शिकवताना मुलं हसायची आणि तोही हसायचा. आता ती तुटलेली स्लिंग चौकशी संपेपर्यंत त्याच्याच स्टोअरात, कोपऱ्यात, चिठ्ठी बांधून ठेवली होती, आणि तो तिच्याकडे पाठ करून बसायला शिकला होता. रक्ताचा दोष हेतू विचारत नाही, असं ते ग्रीक मानत. मारायचं होतं की नव्हतं हा प्रश्न पुढचा. आधी विटाळ लागतो. अशा माणसाने देवळात यायचं नाही, बाजारात यायचं नाही, त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, आणि त्याने गाव सोडून जायचं, म्हणजे मेलेल्याच्या वाटेत तो येणार नाही. श्यामकांतच्या मनात आलं, की इथे बरोबर उलटं होतं आहे. गुणाजीला परदेशातून काढून मेलेल्याच्याच गावात पाठवताहेत.

शटर अर्धं खाली असलं की स्टोअरात पाण्याखालच्यासारखा उजेड यायचा. एसीचा एकसुरी घरघराट. त्या दीड तासाच्या विसाव्यात तो खुर्चीतच डोळे मिटायचा, आणि त्या दिवशी तर झोप अशी आली की जणू कुणी डोक्यावरून पांढरं कापड ओढलं. पुरोहित रांगेने येत होते. डोक्यावरून पदर घेतलेले. रोमचे तसे घेत, ग्रीसचे नाही, हा फरक त्याला झोपेतही आठवला आणि जरा बरं वाटलं. की ते सकाळी रस्त्यात दिसणारे पांढऱ्या अंगरख्यांचे लोकच होते? मधोमध एक बैल पडलेला होता, आणि तो बैल नव्हता. पाणी आणणाऱ्या बाया म्हणाल्या, आम्ही नुसतं पाणी आणलं, दोष धार लावणाऱ्यांचा. धार लावणारे म्हणाले, आम्ही नुसती धार लावली, दोष हातात देणाऱ्याचा. हातात देणारा म्हणाला, मी नुसती दिली. हे खरंच असं होतं, ते ग्रीक दरवर्षी असं एक नाटक करत. बैल मारला की दोष एकावरून दुसऱ्यावर ढकलत न्यायचा, शेवटी सुरीवर आणून ठेवायचा. सुरीला बोलता येत नाही, म्हणून ती दोषी, म्हणून तिला समुद्रात फेकायचं. मग सगळे जेवायला बसायचे. पण स्वप्नातले लोक जेवायला बसेनात. ते श्यामकांतकडे बघत होते, आणि सुरीच्या जागी गुणाजी उभा होता, तोंड मिटून, नेहमीसारखा. कुणीतरी विचारलं, याला टाकू या ना? आणि त्याच्या ओठांवर तोच शब्द आला. तो धडपडून उठला. शर्ट पाठीला चिकटला होता. कोपऱ्यात स्लिंग होती. उठून तो तिच्याजवळ गेला, महिन्यात पहिल्यांदाच, आणि टोकाशी वाकला. हिरवी पट्टी. ग्रीस लागून काळवंडलेली, पण दोन बोटं रुंद हिरवी. हा हिरवा त्याला ओळखीचा होता. तो त्याने पूर्वी पाहिला होता, नेमका याच पट्टीचा, याच काळपट डागासकट. आणि काउंटरपलीकडून, वर धरलेल्या हातातला.

म्हणजे मान एका क्षणापुरती वर झाली होती. निळ्या पट्टीच्या स्लिंगा मागच्या मांडणीवर होत्या, त्यासाठी खुर्चीतून उठावं लागलं असतं, दहा पावलं.

दिवस कलताना तो गुणाजीला शोधत गेला. गुणाजी समुद्राकाठच्या दगडी बांधावर एकटाच बसला होता. तुकारामची शवपेटी विमानाने जाईपर्यंत त्याने सुतक पाळलं होतं, मेसमध्ये सगळ्यांच्या पंगतीत बसत नव्हता. पेटी जाऊन आठवडा झाला तरी अजून ताट घेऊन वेगळाच बसायचा. श्यामकांत त्याच्याशेजारी, जरा अंतर ठेवून टेकला.

"तू असं का लिहून दिलंस, गुणाजी?"

"कोणाचा तरी नाव लागूकच होया मां," गुणाजी पाण्याकडे बघत म्हणाला. "तो चौकशेवालो मिसरी सोडी ना. रोज बोलावी."

"पण तू मला विचारलं होतंस."

"इचारलंय तर खरां. पण तुमची मान पुस्तकात. तुमका काय म्हायत, माज्या हातात दोरी असा की सुंभ." तो किंचित हसला. "माझा चुकला. मास्तर वाचतत तेवा इचारू नये, ह्या सगळ्या कॅम्पाक म्हायत असा. आणि तुमी गेलास तर आमची पत्रां कोण लिवतलो? हुसेनमियाँ? तो मराठीत शिवी पण चुकीची देता."

श्यामकांत सांगायला आला होता ते शब्द अगदी दातांशी होते. "वाडीत काय म्हणतील?" एवढंच त्याने विचारलं.

"ठकूआकेच्या दारावरनाच वाट असा माजी," गुणाजी म्हणाला. "दुसरी वाट नाय. खाडीत उतरायचा झाला तरी तिच्या खळ्यातनाच. दिसातना चार खेपा." मग त्याने आपले गुडघे चोळले. "होयत सवय. तुमी काळजी करू नकात. नकळत झाला तेचो दोष लागना नाय, आमची आवस सांगी. तुमका नाय लागूचो."

नकळत. हा माणूस कधी शाळेच्या दुसऱ्या इयत्तेपुढे गेला नव्हता, आणि तो त्याला रोमनांचाच नियम सांगत होता. त्या पुस्तकात होतं: वर्षातल्या काही निषिद्ध दिवशी न्यायाधीशाने न्यायाचे शब्द उच्चारायचे नाहीत. चुकून, नकळत उच्चारले, तर एक पशू द्यायचा, प्रायश्चित्त झालं, पुन्हा शुद्ध. जाणूनबुजून उच्चारले तर त्याला कसलाच पशू नाही, कसलंही प्रायश्चित्त नाही. तो माणूस तसाच राहतो. श्यामकांतने हे वाक्य पूर्वी पेन्सिलीने अधोरेखित केलं होतं, परीक्षेत विचारता येईल म्हणून. आता बांधावर बसून त्याला जाणवलं, की गुणाजीने आपल्याला माफ केलेलं नाही. माफ करण्याजोगं काही आहे हेच त्याला ठाऊक नाही. एका माणसासाठी गुणाजीने आपलं गाव देऊन टाकलं आहे, आणि तो माणूस अस्तित्वातच नाही. पुस्तकातून मान वर न काढलेला एक मास्तर. सांगितलं तर काय होईल हे दिसत होतंच. घरी जावं लागेल, अहिल्या दारात उभी राहून विचारेल, किती दिवसांसाठी? पण खरी भीती ती नव्हती, आणि हे कबूल करताना त्याची त्यालाच लाज वाटली. खरी भीती अशी होती, की गुणाजीचे डोळे वळतील आणि त्यात तो तसा दिसेल जसा तो होता. तो उठला. "येतो," म्हणाला. गुणाजीने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ऑफिसात गेला. रात्रभर काही ठरवलं वगैरे नव्हतं. निदान त्याला तसं आठवत नव्हतं. अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, आणि पाय स्टोअरकडे वळायच्या जागी डावीकडे वळले. चौकशी करणारा उस्ताद जलाल मिसरी, म्हणजे इजिप्तचा होता, स्थूल, चाळिशीतला, चष्म्याची काडी चघळायची सवय असलेला. वाईट माणूस मुळीच नव्हता. महिनाभर कुणाला तरी दोषी ठरवण्याच्या कामाने तो थकून गेला होता. श्यामकांतला पाहून त्याने खुर्ची दाखवली, चहा मागवला आणि हुसेनमियाँला हाक मारली.

"स्लिंग मी दिली," श्यामकांत मराठीतच म्हणाला, कारण हे इंग्रजीत म्हटलं असतं तर ते दुसऱ्याच कुणीतरी म्हटल्यासारखं झालं असतं. "गुणाजीने विचारलं होतं. मी चालेल म्हणालो."

हुसेनमियाँने कपाळावर हात मारला. "काहे को मास्तर? कागज बंद हो गया. बैठे बिठाये काहे को?"

"सांग त्यांना."

हुसेनमियाँने सांगितलं. "माशी?" जलालने चष्मा काढून विचारलं. हुसेनमियाँने 'चालेल'चं तसं भाषांतर केलं होतं. अरबीत या शब्दाचा अर्थ ठीक आहे, चालतंय, आणि मूळ अर्थही चालणाराच. श्यामकांतला हे ठाऊक होतं, तरी त्याच्या कानांना आधी मराठीच ऐकू आलं, आणि क्षणभर त्याची नजर खरोखर टेबलावर, चहाच्या ग्लासाच्या काठावर गेली. कसं जातं माणसाचं मन, त्याला वाटलं. फाशीच्या दोराखालीही ते एखाद्या विनोदाशी खेळत राहील. जलाल आता मृदू आवाजात काहीतरी विचारत होता आणि विचारता विचारता स्वतःच उत्तर सुचवत होता. वाचत होतास ना? सगळे सांगतात. मान खाली होती. हुसेनमियाँने ते हिंदीत केलं आणि श्यामकांतच्या तोंडाकडेही न बघता, परस्पर उत्तर देऊन टाकलं. त्यातले दोन शब्द श्यामकांतला कळले. मा शाफ. त्याने पाहिलं नाही. जलालने मान डोलावली, लेखणी उचलली. ती दयेने उचललेली लेखणी होती. नकळत असं ती लिहिणार होती, आणि मग सगळं सोपं होतं. गुणाजीवरचाही दोष अर्धा होईल, त्याच्यावरचाही अर्धा होईल, कदाचित दोघांचंही जाणं टळेल, आणि उरलेलं सगळं त्या तारेच्या दोराच्या डोक्यावर. पण मग वाटेवरून जाणारा गुणाजी अर्ध्या दोषाचं काय करणार होता? ठकूबाईचं दार अर्धं उघडतं का?

"ला," श्यामकांत म्हणाला. नाही. त्याचा आवाज फाटला. त्याला अरबी बोलायची इतकी लाज वाटे की तीन वर्षांत तो दुकानदाराशीही ती बोलला नव्हता. "शुफ्त. अखदर." मी पाहिलं. हिरवं. आणि पुन्हा म्हणाला, या वेळी हळू, जणू त्याला स्वतःचीच खात्री करून घ्यायची होती, "शुफ्त."

हुसेनमियाँ भिंतीकडे बघायला लागला. जलालने लेखणी कागदावर टेकवली नाही, उचललीही नाही. एसीच्या वाऱ्याने कागदाचा कोपरा उडत होता, तो त्याने तळहाताने दाबून धरला. मग तो लिहू लागला, उजवीकडून डावीकडे, आणि श्यामकांतला ते वाक्य आपल्याकडून सुरू होऊन दूर जाताना दिसलं.

खुरूज, म्हणजे देश सोडण्याचा शिक्का, श्यामकांतच्या नावाने लागला. गुणाजीचा अंगठा असलेला कागद रद्द झाला. गुणाजीला एक ताकीद मिळाली आणि काम चालू राहिलं. ही बातमी मेसमध्ये पोचली तेव्हा सगळे खुबूजची रोटी मोडता मोडता थांबले, एवढंच. दोन दिवस गुणाजी त्याच्या समोरूनही गेला नाही. श्यामकांत स्टोअरच्या किल्ल्या देऊन मोकळा झाला होता. खोलीत खाटेवर बसून राहायचा. मन हलकं वगैरे झालं होतं असं नाही. पुस्तकात जे लिहिलं होतं ते बहुधा खरं होतं: जाणूनबुजून केलेल्याला कसलंही प्रायश्चित्त नाही, सांगून टाकलं तरीही नाही. सांगणं हे प्रायश्चित्त नव्हतं, ते नुसतं बरोबर नाव लिहिणं होतं.

शुक्रवारी सकाळी दार ढकललं गेलं. गुणाजी होता. खांद्यावर तुकारामची पत्र्याची ट्रंक. त्याने ती खाटेजवळ ठेवली आणि उभाच राहिला.

"तुमी बघल्यात," तो म्हणाला. विचारलं नाही त्याने.

"हो."

"निळी मागे होती."

"हो. उठावं लागलं असतं."

गुणाजीचे डोळे त्याच्यावर आले. ज्याची त्याला भीती होती ते हेच होतं, आणि ते वाटलं होतं तितकं जळजळीत नव्हतं. फार साधं होतं, उन्हासारखं, ज्यातून बाजूला होता येत नाही. बाहेर नळावर कुणीतरी कपडे आपटत होतं. मग गुणाजी खाली बसला, ट्रंकेला दोरी बांधू लागला. गाठ मारता मारता, वर न बघता, तो बोलायला लागला.

"देवगडास उतरल्यार खाडयेच्या तरीत बसा. वाडीत पयला घर. दारात शेवगो असा. ही तेची ट्रंक तिका तुमीच द्येवची."

"देईन."

"ती आदी पाणी घेवन येयत. कोण पण इलो तरी ती पाणी हाडता. तां घेव नकात."

"का?"

"पाणी घेतल्यात की तुमी तिचे पावणे. मग तिका तोंडार बोलूक येवचा नाय, रडूक येवचा नाय." त्याने गाठ दाताने ओढून घट्ट केली. "भायर उभे रवान सांगा. खळ्यात. उनात. काय झाला तां सगळा. निळी मागे होती तां पण. चपला काडू नकात, काडल्यात तर ती बस म्हणतली."

"आणि सांगून झाल्यावर?"

"थयच उभे रवा. जाव नकात." गुणाजी उठला, हात झाडले, आणि दारापर्यंत जाऊन थांबला. तो त्याला मास्तर म्हणाला नाही, दुसरंही काही म्हणाला नाही. "तेच्यानंतर पाणी द्येता की नाय," तो म्हणाला, "तां तिचां."

तो गेल्यावर श्यामकांतने ट्रंक एकदा उचलून पाहिली. मग खाली ठेवली, आणि खोलीच्या मधोमध, चपला न काढता, उभं राहून पाहिलं.